रात्री दोन वाजताची सुधारणा

सुधारणा हा शब्द महाराष्ट्रात एके काळी फार महाग होता. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला, तेव्हा पुण्यात केवढी खडाजंगी उडाली! आधी राजकीय सुधारणा की आधी सामाजिक, यावर मित्र मित्रांना दुरावले. लोकांनी तर आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. त्या माणसानं सुधारणा पटवून देण्यासाठी लेख लिहिले, वाद घातले, शिव्या खाल्ल्या. पण घरातली माणसं झोपलेली असताना रात्री दोन वाजता कुणाच्या माजघरात शिरून, भांडीकुंडी इकडची तिकडे करून, ‘अभिनंदन! आपली सुधारणा झाली आहे’ अशी चिठ्ठी दाराला लावून ते कधी निघून गेले नाहीत. तेवढी सभ्यता एकोणिसाव्या शतकात शिल्लक होती.

हल्लीच्या सुधारणेला अपग्रेड म्हणतात. ती वाद घालत नाही. ‘आत्ता करू की रात्री करू?’ एवढंच विचारते. ‘करूच नको’ हे उत्तर तिच्या प्रश्नपत्रिकेत नसतं. मुलगी बघायला आलेल्या मंडळींनी ‘मुहूर्त या महिन्यातला धरायचा की पुढच्या?’ असं थेट विचारावं, आणि मुलीला पसंती कुणीच विचारू नये, त्यातला हा प्रकार. आमच्या संगणकाला ही सुधारणा घडली एका मंगळवारी, रात्री दोन वाजता. कंपनीचं नाव सांगत नाही. आमचं भांडण एका कंपनीशी नाही. शिवाय कुठल्याही कंपनीचं नाव घालून वाचलंत तरी ही हकिकत तुम्हांला तुमच्याच घरातली वाटेल.

आता आमच्या संगणकात असं मोठं काय होतं? गाणी होती. चार हजार तीनशे बारा. ही गाणी आम्ही कुठून ‘उतरवून’ घेतलेली नाहीत. दोनशे बारा कॅसेटी होत्या. कॅसेट संगणकात घ्यायची म्हणजे ती जेवढी लांब तेवढाच वेळ तिच्याजवळ बसावं लागतं. साठ मिनिटांच्या कॅसेटला साठ मिनिटं, नव्वदच्या कॅसेटला नव्वद. त्यात शॉर्टकट नाही. दोन पावसाळे आम्ही हे काम केलं. मधेच टेप गुंतली की पेन्सिल घालून फिरवायची, डोक्यावर कापूस बोळा फिरवायचा (टेपरेकॉर्डरच्या), आणि मग प्रत्येक गाणं वेगळं कापून त्यावर नाव, गायक, कवी, संगीतकार, राग, ताल अशी चिठ्ठी डकवायची. एवढ्या वेळात एखाद्यानं पीएच.डी. केली असती. सौभाग्यवतींचं मत, निदान त्यानं पगार तरी वाढला असता.

बुधवारी सकाळी संगणक उघडला, तर गाणी सहा हजार नऊशे सात!

गाणी कमी झाली असती तर माणूस रडला असता. वाढल्यावर काय करावं? बरीचशी गाणी दोन दोनदा दिसत होती, आणि जोडीतल्या एकाशेजारी एक उद्गारचिन्ह. त्यावर बोट ठेवलं की कळे की हे गाणं आहे, पण ते कुठे आहे हे संगणकाला ठाऊक नाही. म्हणजे नाव आहे, गाव नाही. मतदार याद्यांत असे लोक असतात हे माहीत होतं. पण माणिक वर्मांचा असा बोगस मतदार होईल, असं कधी वाटलं नव्हतं.

यापुढची हकिकत गीतरामायणाची. १९५५ च्या एप्रिलपासून वर्षभर, दर आठवड्याला एक या हिशेबानं ही गीतं पुणे आकाशवाणीवरून गेली. छप्पन्न गीतं. माडगूळकरांनी ती क्रमानं लिहिली, बाबूजींनी क्रमानं गायला लावली, आणि महाराष्ट्रानं पुढच्या शुक्रवारची वाट पाहत ती क्रमानं ऐकली. रामायणाला क्रम असतो, ही गोष्ट वाल्मीकींपासून आमच्या धोब्यापर्यंत सगळ्यांना मान्य आहे. फक्त नव्या व्यवस्थेला ती कुणी सांगितली नव्हती. तिनं छप्पन्न गीतं अक्षरांच्या क्रमानं लावली. त्यामुळे आमच्या घरी आता भरत आधी कैकेयीला बोल लावतो, आणि त्यानंतर केव्हा तरी राम जन्माला येतो. वाल्मीकी कुश-लवांना ‘आता गा’ म्हणून सांगतात ते शेवटचं गीत आधी येतं, आणि ती मुलं रामासमोर गायला बसतात ते पहिलं गीत शेवटाकडे. एवढ्या थोड्या श्रमात एवढं महाकाव्य उलटं करणं रावणालाही जमलं नव्हतं.

हे सगळं होतं कसं, ते आमच्या पुतण्यानं समजावून दिलं. पुतण्या या विषयातला जाणकार आहे आणि स्वभावानं चांगला आहे. पण ज्या जगात तो नोकरी करतो त्या जगाची बाजू घेणं त्याला भाग पडतं. तो म्हणाला, “काका, गाण्याच्या फाइलच्या शेपटीला एक छोटी चिठ्ठी असते. १९९६ साली ही पद्धत निघाली. एकशे अठ्ठावीस बाइटांची चिठ्ठी. त्यात गाण्याच्या नावाला तीस अक्षरं.”

“तीसच?”

“तीसच. रोमन. पुढे १९९८ पासून मोठ्या चिठ्ठ्या आल्या. तुम्ही लिहिलंत ते त्या मोठ्या चिठ्ठीत आहे. पण या अपग्रेडनं जुनी छोटी चिठ्ठी वाचलेली दिसते.”

आम्ही तीस अक्षरं मोजून पाहिली. ‘राग मियाँ की मल्हार’, मग एक आडवी रेघ, मग ‘विलंबित एकताल’, असं रोमन लिपीत लिहायला घेतलं, की ‘विलंबि’पर्यंत येऊन बरोबर तीस अक्षरं भरतात. विलंबितातला ‘त’ आणि अख्खा एकताल दाराबाहेर उभे. आमच्या पडद्यावर ते नाव नेमकं तसंच दिसत होतं.

त्याच चिठ्ठीत गाण्याचा प्रकार लिहायची एक जागा असते. तिथे शब्द लिहायचा नसतो. ठरलेल्या यादीतला आकडा टाकायचा. मूळ यादी ऐंशी प्रकारांची. पुतण्यानं ती दाखवली. त्यात पोल्का आहे. डेथ मेटल आहे. नॉइज, म्हणजे शुद्ध गोंगाट, हाही एक मान्यताप्राप्त प्रकार आहे. प्रँक्स म्हणजे थट्टामस्करी, तिलाही जागा आहे. ठुमरी नाही. अभंग नाही. लावणी, नाट्यगीत, भजन, कव्वाली, काही नाही. आणि गंमत पुढेच आहे. या यादीतला शून्य क्रमांक म्हणजे ‘ब्लूज’. त्यामुळे ज्या फाइलीत ती जागा नुसती शून्य राहिली, तिचा प्रकार आपोआप ब्लूज ठरतो. आमचे दीडशे अभंग एका रात्रीत ब्लूज झाले. तुकोबांना याचं काही वाटलं नसतं म्हणा. शेतात राबणाऱ्या काळ्या माणसांनी आपलं दुःख गाऊन हलकं करावं, त्या पंगतीला ते आनंदानं मांडी घालून बसले असते. पण तो निर्णय तुकोबांनी घ्यायचा. शून्यानं नव्हे.

गणपतीत या सुधारणेचा प्रसाद सर्वांनाच मिळाला. आमच्याकडे दीड दिवसाचा असतो. घरातल्या सगळ्यांच्या आवाजाची एकूण पट्टी लक्षात घेता, आरत्यांना आधार म्हणून आम्ही संगणकावर ओळीनं लावून ठेवलेल्या असत. आधी गणपतीची, मग शंकराची, देवीची, विठोबाची, आणि शेवटी मंत्रपुष्पांजली. यंदा माणसं जमली, निरांजन पेटलं, झांजा सरसावल्या, आणि सुरुवातच मंत्रपुष्पांजलीनं झाली. ती ऐकताच सवयीनं सर्वांनी पुढे होऊन फुलं वाहिली. दोघांनी तर खिरापत तोंडात टाकली आणि चपला शोधायला गेले. त्यांना जिन्यातून परत बोलवावं लागलं, कारण मागून गणपतीची आरती सुरू झाली होती.

उपकरणांचं काय झालं ते थोडक्यात सांगतो. सौभाग्यवतींचा एक पेटीवजा छोटा म्युझिक प्लेअर आहे. २००९ सालचा. रोज सकाळी टेकडीवर तो त्यांच्याबरोबर जातो. आम्ही जात नाही. अपग्रेडनंतर संगणकानं त्याला ओळख दाखवणं बंद केलं. वायर लावली की प्लेअर बिचारा दिवा लावून ‘मी आलोय’ म्हणतो, आणि संगणक, एखादा नवश्रीमंत गावाकडच्या चुलत्याला पाहून करतो तसं, दुसरीकडे बघतो. मोटारीतल्या यंत्राची तऱ्हा आणखी वेगळी. त्याला पेन ड्राइव्ह जुन्याच पद्धतीनं तयार केलेला लागतो, आणि त्यावर गाणी ज्या क्रमानं चढवली त्या क्रमानं ते वाजवतं. या यंत्राबद्दल आम्हांला आदर आहे. त्याला अक्कल नाही, आणि ती असल्याचा आवही ते आणत नाही.

मदतीच्या क्रमांकावर फोन केला. मुलगी अतिशय गोड बोलत होती.

“सर, आपलं संगीत सुरक्षित आहे.”

“कुठे आहे?”

“लायब्ररीत आहे, सर.”

“लायब्ररी कुठे आहे?”

“सर, ती आता नव्या ॲपमध्ये आहे.”

“आणि आमचा जुना प्लेअर कुठून भरायचा?”

“सर, ते वेगळ्या ठिकाणाहून.”

“आणि आरत्यांचा क्रम?”

इथे ती थबकली. तिच्या पुस्तकात आरती नव्हती. मग तिनं विचारलं, “सर, आजच्या संभाषणाला आपण एक ते पाचपैकी किती तारे द्याल?” आम्ही पाच दिले. मुलीचा काय दोष? घर दुसऱ्यानं मोडलेलं. ही नुसती दारात उभी राहून पाणी देत होती.

आता मुद्द्याचं. आमचं म्हणणं लोकांसमोर मांडलं की तीन उत्तरं हमखास येतात. ती तिन्ही आम्ही तपासून पाहिली आहेत.

पहिलं उत्तर पुतण्याचं : “काका, अपग्रेड सुरक्षेसाठी असतं. जुन्या सिस्टिममध्ये भोकं असतात, त्यातून चोर शिरतात.” हे शंभर टक्के खरं आहे आणि आम्हांला मान्य आहे. दाराचं कुलूप जुनं झालं, किल्ल्या गावभर झाल्या, तर कुलूपवाल्याला बोलवावंच. पण कुलूपवाल्यानं कुलूप बदलावं! त्यानं आत येऊन कपाटं हलवायची, मसाल्याचे डबे अक्षरांच्या क्रमानं लावायचे, देवघर गच्चीवर न्यायचं आणि जाताना ‘आता तुम्हांला जास्त मोकळं वाटेल’ म्हणायचं, हे कुठल्या सुरक्षेत बसतं? कुलूप आणि कपाट ही दोन वेगळी कामं आहेत. ती मुद्दाम एका गाठोड्यात बांधलेली असतात, कारण नुसतं कपाट हलवायला आलो म्हटलं तर दार कुणी उघडणार नाही.

दुसरं उत्तर शेजारच्या नानांचं : “अहो, काळ बदलतो. तुम्ही-आम्ही बदलायला नको?” नाना, आपण बदललो नाही का? तबकडीवरून एलपीवर आलो, तिथून कॅसेटवर, कॅसेटवरून सीडीवर, सीडीवरून एमपी३वर. दर वेळी पैसे मोजले, दर वेळी तेच गाणं पुन्हा विकत घेतलं, आणि हूं की चूं केलं नाही. पण त्या सगळ्या बदलांत एक सभ्यपणा होता. नवं आलं म्हणून जुनं मुकं झालं नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजाननं तबकडीवर आवाज दिला. ती तबकडी आज कुणाकडे धड असेल, तर योग्य सुई आणि फिरतं चाक मिळताच ती गाते. ती कुठल्याही कंपनीला फोन करून ‘गाऊ का?’ असं विचारत नाही. उलट २००८ साली मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं, की आमच्या एमएसएन म्युझिक दुकानातून ज्यांनी गाणी विकत घेतली, त्यांना त्या वर्षीच्या ऑगस्टनंतर नव्या संगणकासाठी किल्ल्या मिळणार नाहीत. लोकांनी ओरड केली तेव्हा ही मुदत २०११ अखेरपर्यंत वाढली. शंभर वर्षांची तबकडी गाते, आणि चार वर्षांपूर्वी रोख पैसे देऊन घेतलेलं गाणं किल्ली मागतं! यातलं जुनाट कोण, ते नानांनीच सांगावं.

तिसरं उत्तर सगळ्यांचंच असतं : “एवढा खटाटोप कशाला? दरमहा थोडे पैसे टाका, जगातलं सगळं संगीत बोटाच्या टोकावर!” हे उत्तर ऐकायला गोड आहे, भाड्याच्या घराची जाहिरातही अशीच गोड असते. पण घरमालकाच्या मनात आलं की काय होतं, ते पाहा. गूगल प्ले म्युझिक हे दुकान २०२०च्या अखेरीस बंद झालं आणि बिऱ्हाडांना दुसऱ्या ॲपमध्ये सामान हलवायला सांगण्यात आलं. मायस्पेसनं २०१९ साली सांगितलं, की सर्व्हर बदलताना २०१५ पर्यंत लोकांनी तिथे ठेवलेलं संगीत गहाळ झालं. सामान हलवताना एखादी बरणी फुटते हे आपण समजू शकतो. इथे बारा वर्षांचं कोठार गेलं. त्याच २०१९ साली ऍपलनं आपल्या मॅकवरच्या आयट्यून्सचे तीन भाग केले आणि फोन भरायचं काम चौथ्याच ठिकाणी नेलं. आणि ज्या आयपॉडनं २००१ साली खिशात हजार गाणी घालून दिली, तो २०२२च्या मे महिन्यात बनवणं थांबवलं. यातल्या प्रत्येक निर्णयामागे काही तरी कारण असेलच. पण ज्याची गाणी, त्याचा त्या निर्णयात हात एकदाही नव्हता.

लोकांना हे कळत नाही असं नाही. २०१७ साली सारेगामानं जुन्या रेडिओच्या थाटाची एक पेटी काढली, आत पाच हजार जुनी गाणी भरलेली. कारवान. बटण फिरवलं की गाणं, आणि गाण्यासाठी इंटरनेट नको. घरोघरी मुलांनी ती आईवडिलांना भेट दिली. आम्हांला विचाराल तर तो नुसता स्मरणरंजनाचा धंदा नव्हता. ‘बटण जिथे काल होतं तिथेच आज असावं’ या साध्या मागणीला लोकांनी मोजलेली ती किंमत होती.

शिवाय ‘जगातलं सगळं संगीत’ या शब्दांनाच आमची हरकत आहे. आमच्या फाइलींत एक फाइल मावशीची आहे. १९८४ च्या दिवाळीत, वाईच्या घरी, तिच्या नकळत टेपरेकॉर्डर सुरू ठेवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या. मावशीचा आवाज काही गाण्याचा नव्हता. जात्याची घरघर तिच्यापेक्षा मोठी आहे. पाचव्या ओवीनंतर ती मधेच थांबून ओरडते, “अगं, दूध बघ, दूध!” आणि मग ते उतू गेलंय हे कळल्यावर एक सुस्कारा टाकून पुढची ओवी त्याच सुरात उचलते. तो सूर बिनचूक तोच असतो. मोठमोठ्या गवयांना मधे चहा आला तर तंबोरा पुन्हा जुळवावा लागतो.

सुधारणेच्या यादीत ही फाइल ‘अज्ञात कलाकार’ म्हणून गेली. तेही आम्ही सोसलं असतं. पण नव्या व्यवस्थेत आणखी एक सोय आहे. तुमच्या हलक्या प्रतीच्या ध्वनीमुद्रणाला मिळतंजुळतं चांगल्या प्रतीचं गाणं ती शोधून देते. तिनं मावशीसाठीही शोधलं. आम्ही फोनवर ‘ओव्या’ लावल्या, तर कुणी तरी सुरेख आवाजाची बाई, मागे सतार आणि बासरी घेऊन, स्वच्छ स्टुडिओत ओव्या म्हणू लागली. जातं नाही, दूध नाही, मावशी नाही. मूळ फाइल तबकात शाबूत होती, ती आम्ही शोधून पुन्हा लावली. पण ज्या कुणाकडे अशी दुसरी प्रत नसेल, त्याचं काय? त्याला तर कळणारही नाही की आपल्या घरातलं एक माणूस ‘जास्त चांगल्या प्रतीच्या’ माणसाशी बदललं गेलंय. आणि मावशी जगातल्या कुठल्याही दुकानात दरमहा किती पैसे टाकले तरी मिळत नाही. तिची एकच प्रत निघाली होती.

म्हणून आमच्या मागण्या फार नाहीत. एक, कुलूप बदला, कपाटाला हात लावायच्या आधी विचारा, आणि उत्तरांत ‘नको’ हेही ठेवा. दोन, सामान हलवलंच तर कुठली वस्तू कुठे ठेवली याची साधी, वाचता येईल अशी यादी मालकाच्या हातात द्या. तीन, ज्या वस्तूचे पैसे घेतलेत ती वस्तू तिच्या हयातीत मुकी करू नका. चार, यंत्र धडधाकट असताना त्याला मेलेलं जाहीर करण्याचा अधिकार तुम्हांला कुणी दिलेला नाही.

या मागण्या मान्य होईपर्यंत आम्ही आमचा बंदोबस्त केला आहे. गाणी आता कुठल्याही ॲपच्या पोटात नाहीत. साध्या फोल्डरांत आहेत. प्रत्येक फाइलीच्या नावातच गायक, कवी, राग सगळं लिहिलंय, शेपटीच्या चिठ्ठीवर भरवसा नाही. नावाआधी आकडा घातलाय, एक ते छप्पन्न. आता राम वेळेवर जन्माला येतो आणि वेळेवर वनात जातो. एक प्रत आमच्याकडे, दुसरी बहिणीकडे नाशिकला. पुतण्या म्हणाला, “काका, ही फार जुनाट पद्धत झाली.” आम्ही म्हटलं, “बाळा, वेद याच पद्धतीनं टिकले. दोन घरांत ठेवायचे, आणि क्रम बदलू द्यायचा नाही.”

तो हसला. मग हळूच म्हणाला, “मला ती मावशीआजीची फाइल द्याल? मी तिला कधी ऐकलंच नाही.”

त्याला पेन ड्राइव्हवर दिली. वर नाव लिहिलंय, गाव लिहिलंय, साल लिहिलंय. आणि शेवटी एक सूचना : हिच्यात सुधारणा करू नये.